केनी डॅलग्लिश: आधी फॉरवर्ड, मग मॅनेजर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लिव्हरपूल क्लबच्या मैदानावरची, म्हणजे ॲनफिल्डवरची मॅच लागली की कॅमेरा कधी ना कधी स्टँडमधल्या पांढऱ्या केसांच्या एका माणसावर जातो आणि इकडे मेसेज सुरू होतात, हे कोण, यांच्या नावाचं स्टँड का, ब्लॅकबर्नशी यांचा काय संबंध. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. सोप्यापासून सुरू केलंय, किचकट हिशेब शेवटी आहेत. एखादी गोष्ट आधी येऊन गेली असेल तर तिथे फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. हा केनी डॅलग्लिश नक्की कोण? दोन ओळीत सांगा ना.

स्कॉटलंडचा फॉरवर्ड, जन्म ४ मार्च १९५१, ग्लासगो. आधी सेल्टिक, मग १९७७ पासून लिव्हरपूल, १९८५ ला तिथेच प्लेअर-मॅनेजर (खेळाडूही आणि टीम निवडणारा प्रशिक्षकही), नंतर ब्लॅकबर्न, न्यूकॅसल, थोडे महिने सेल्टिक आणि २०११ ला परत लिव्हरपूल. खेळाडू म्हणून ३ युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) आणि मॅनेजर म्हणून २ वेगवेगळ्या क्लबांना इंग्लंडची लीग जिंकून दिली. लिव्हरपूलवाले त्याला 'किंग केनी' म्हणतात, आणि तिथे हे नाव कोणी चेष्टेत घेत नाही.

२. लहानपणी तो रेंजर्सचा फॅन होता म्हणे, मग सेल्टिकला कसा गेला?

हो, खरंय. घर रेंजर्सच्या मैदानापासून जवळ, वडीलही रेंजर्सचेच. ग्लासगोत रेंजर्स की सेल्टिक हा प्रश्न फुटबॉलपुरता नसतो, त्यात प्रोटेस्टंट-कॅथलिक असं सगळं गुंतलेलं असतं, त्यामुळे प्रोटेस्टंट घरातल्या मुलाने सेल्टिकला जाणं म्हणजे भुवया उंचावणारच. किस्सा असा, की सेल्टिकचा मॅनेजर जॉक स्टीनने आपला असिस्टंट शॉन फॅलनला याच्या घरी पाठवलं, आणि पाहुणे कोण आलेत हे कळल्यावर हा पठ्ठ्या धावत खोलीत गेला आणि भिंतीवरची रेंजर्सची पोस्टर्स उतरवायला लागला. ते साल १९६७, म्हणजे ज्या वर्षी सेल्टिकने युरोपियन कप जिंकला तेच. पुढे तिथे ४ लीग आणि ४ स्कॉटिश कप.

३. तो प्रॉपर स्ट्रायकर होता का? काही लोक म्हणतात मिडफिल्डर होता.

दोन्हींच्या मधला. समोरच्या डिफेंडरला पाठीवर घेऊन उभा राहायचा, बॉल पायात घ्यायचा आणि कोण कुठे पळतोय ते बघून नेमका तिथे द्यायचा. वेग फार नव्हता. पण कमरेचा भाग असा मागे टाकून उभा राहायचा की डिफेंडरला बॉल दिसायचाच नाही, जुन्या क्लिप बघा, हे पहिल्यांदा नजरेत भरतं. १९८० नंतर इयन रश आला आणि जोडी जमली, याने पास द्यायचा, त्याने पळायचं.

फिनिशिंग बघायचं असेल तर १९७८ ची युरोपियन कप फायनल, वेम्ब्ली, समोर बेल्जियमचा क्लब ब्रुज. ग्रॅम सूनेसने छोटासा पास आत सरकवला, गोलकीपर येन्सन पुढे आला आणि डॅलग्लिश मारणार म्हणून आधीच खाली झुकला, याने अर्धा क्षण थांबून बॉल त्याच्या अंगावरून अलगद उचलून पलीकडच्या कोपऱ्यात टाकला. नंतर जाहिरातींच्या फळ्यांवरून उडी मारून प्रेक्षकांकडे पळाला. मॅच १-० संपली. ती अर्धा क्षण थांबायची सवय लक्षात ठेवा, कारण माझं मत असं आहे की मॅनेजर डॅलग्लिशसुद्धा हाच होता, कोण कुठे पळणार हे ज्याला आधी दिसतं तो. त्याची उत्तम खरेदी बघितली तर बहुतेक पुढच्या फळीतली दिसेल (प्रश्न ७ आणि १०).

४. एकूण गोल किती?

सेल्टिकसाठी १६७, लिव्हरपूलसाठी १७२. नुसती लीग धरली तर ११२ आणि ११८, म्हणजे स्कॉटलंड आणि इंग्लंड दोन्हीकडे लीगमध्ये शंभरी पार, हे फार थोड्यांना जमलंय. स्कॉटलंडसाठी १०२ मॅचेस, जो त्यांचा रेकॉर्ड आहे, आणि ३० गोल, ज्यात डेनिस लॉ त्याच्या बरोबरीला आहे. वर्ल्ड कप तीन खेळला, १९७४, ७८, ८२. १९८६ ला गुडघ्याच्या दुखण्यामुळे गेला नाही.

त्या ३० पैकी एक इंग्लिश लोकांना अजून झोंबतो. १९७६, हॅम्पडन पार्क, इंग्लंडचा गोलकीपर रे क्लेमन्स, आणि डॅलग्लिशचा साधासा शॉट त्याच्या दोन पायांमधून आत. पुढच्याच वर्षी दोघं लिव्हरपूलमध्ये एकाच टीममध्ये, आता ड्रेसिंग रूममध्ये काय झालं असेल ते तुम्हीच ठरवा.

५. खेळत असतानाच त्याला मॅनेजर का केलं? दुसरं कोणी मिळालं नाही का?

असं नाही. लिव्हरपूलची पद्धतच होती की बाहेरून कोणी आणायचं नाही, घरातलाच माणूस पुढे करायचा. शँक्लीनंतर पेझ्ली, पेझ्लीनंतर फेगन, सगळे आतलेच. फेगन १९८५ ला थांबणार हे ठरलेलं होतं आणि डॅलग्लिशचं नावही ठरलेलं होतं. पण २९ मे १९८५ ला ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियमवर युव्हेंटसविरुद्धच्या फायनलआधी लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी चाल केली, भिंत कोसळली आणि ३९ माणसं गेली, त्यातले बहुतेक इटालियन. दुसऱ्याच दिवशी याचं नाव जाहीर झालं. वय ३४, मॅनेजरपदाचा अनुभव शून्य, आणि क्लबच्या डोक्यावर हे ओझं. मदतीला म्हणून जुन्या बॉब पेझ्लीला सल्लागार ठेवलं होतं.

याचा एक परिणाम पुढे फार महत्त्वाचा ठरला, तो प्रश्न १५ मध्ये.

६. प्लेअर-मॅनेजर म्हणजे स्वतःच स्वतःला टीममध्ये घ्यायचं? मग रोज खेळला असेल की!

उलट. पहिल्या सीझनच्या बऱ्याच भागात त्याने स्वतःला बाहेरच ठेवलं. कालपर्यंत शेजारी बसून कपडे बदलणाऱ्या मित्राला आज 'तू नाहीस' सांगायचं, हे दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभं राहण्यासारखं आहे, आणि स्वतःला खेळवून दुसऱ्याला बसवलं तर बोंब होणार हे त्याला माहीत होतं.

फेब्रुवारी १९८६ मध्ये ॲनफिल्डवर त्याच शहरातल्या एव्हर्टनने २-० हरवलं आणि टायटल गेलं असं सगळे धरून चालले. त्यानंतर तो परत नियमित खेळायला लागला आणि टीम सुटली ती सुटलीच. ३ मे १९८६, स्टॅमफर्ड ब्रिज, चेल्सीविरुद्ध जिंकलं की टायटल. जिम बेगलिनने बॉल आत टाकला, डॅलग्लिशने छातीवर घेतला, खाली पडू दिला आणि जमिनीला लागायच्या आत व्हॉली मारली. १-० आणि लीग खिशात, गोल मॅनेजरचाच. आठवड्याने एफए कप (इंग्लंडची नॉकआउट स्पर्धा) फायनलमध्ये एव्हर्टनला ३-१ हरवलं, रशचे दोन, क्रेग जॉन्स्टनचा एक. इंग्लंडमध्ये प्लेअर-मॅनेजरने लीग जिंकायची ही पहिलीच वेळ, आणि तीही डबलसकट, म्हणजे लीग आणि एफए कप एकाच सीझनला.

७. १९८७-८८ ची टीम एवढी का गाजते?

कारण रश युव्हेंटसला गेला आणि सगळ्यांना वाटलं आता यांचं अवघड आहे. याने काय केलं, तर वॉटफर्डमधून जॉन बार्न्स ९ लाख पाउंडांना आणला, न्यूकॅसलमधून पीटर बिअर्डस्ली १९ लाखांना, जॉन ऑल्ड्रिज जानेवारीतच ऑक्सफर्डमधून आणून ठेवला होता, आणि सीझन चालू असताना रे हाऊटनही तिथूनच. म्हणजे रशची कॉपी शोधायच्या भानगडीत पडलाच नाही, आख्खी पुढची फळीच नव्याने बसवली. बिअर्डस्लीचं काम ओळखीचं वाटेल, डिफेंडरच्या पुढे येऊन बॉल घ्यायचा आणि दुसऱ्यांना खेळवायचं. स्वतःचीच जागा भरली त्याने.

पहिल्या २९ लीग मॅचेसमध्ये हार नाही, लीड्सच्या जुन्या रेकॉर्डशी बरोबरी. एप्रिलमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टला ५-० हाणलं, ती मॅच वेळ काढून पूर्ण बघा, हायलाइट्सवर भागवू नका. आणि एवढं करून एफए कप फायनलला विम्बल्डनकडून १-० हरले, ऑल्ड्रिजची पेनल्टी त्यांचा गोलकीपर बीझंटने अडवली. फुटबॉल आहे राव, काय करणार.

८. हिल्सबरोशी त्याचं नाव इतकं का जोडलं जातं?

१५ एप्रिल १९८९, शेफील्डचं हिल्सबरो मैदान, फॉरेस्टविरुद्ध एफए कप सेमीफायनल. पोलिसांनी गेट उघडलं आणि गर्दी आधीच भरलेल्या मधल्या कुंपणबंद भागात ढकलली गेली. खेळ ३ वाजून ६ मिनिटांनी थांबवला. मृतांचा आकडा आज ९७ आहे, शेवटचे गेले ते त्या दिवशीच्या दुखापतींमुळेच, पण ३२ वर्षांनी, २०२१ मध्ये. बरीच वर्षं दोष लोकांवरच ढकलला गेला, २०१६ मध्ये ज्युरीने प्रेक्षकांचा दोष नाही आणि हे मृत्यू बेकायदेशीर असं सांगितलं.

डॅलग्लिशने त्या दिवशी माइकवरून लोकांना शांत राहायला सांगितलं. नंतर ॲनफिल्ड लोकांसाठी उघडलं, कॉप या फॅन्सच्या स्टँडसमोर फुलं आणि स्कार्फ यांचा ढीग मैदानावर पसरत गेला, आणि तो, त्याची बायको मरीना, खेळाडू आणि त्यांच्या बायका मृतांच्या घरच्यांबरोबर बसून राहिले. अंत्यविधींना तो एकामागून एक जात राहिला, एका दिवशी तर चार. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता आणि या कामाचं शिक्षण त्याला कोणी दिलेलं नव्हतं, आपल्याकडे होतं तसं कोणीतरी मोठं माणूस पुढे व्हावं लागतं आणि त्या शहरात ते त्याच्यावर आलं. ट्रॉफ्या मोजून त्याची लिव्हरपूलमधली जागा कळत नाही, ती इथे कळते.

९. १९९१ ला टीम टॉपवर असताना राजीनामा? काही भांडण झालं होतं का?

भांडण नाही. २० फेब्रुवारी १९९१ ला गुडिसन पार्कवर एव्हर्टनबरोबर एफए कपचा रिप्ले (आधी बरोबरी झाली म्हणून परत खेळलेली मॅच) ४-४ झाला. लिव्हरपूल चार वेळा पुढे गेलं, चार वेळा बरोबरी. त्याने नंतर सांगितलं की डिफेन्समध्ये बदल करायला हवा हे दिसत होतं आणि तरी निर्णय घेता येत नव्हता. प्रश्न ३ मध्ये लिहिलंय ना, ज्याला आधी दिसतं तो, त्याला दिसूनही हात उचलेना. दोन दिवसांनी, २२ तारखेला राजीनामा. कारण ताण, आणि त्या ताणाचं मूळ प्रश्न ८ मध्ये आहे. मधल्या काळात १९८९ चं टायटल ॲनफिल्डवरच शेवटच्या मिनिटाला आर्सेनलला गेलं आणि १९९० चं मिळवलं, पण बाहेरून सगळं ठीक दिसत होतं म्हणून आतून ठीक होतं असं कुठे असतं.

१०. ब्लॅकबर्न म्हणजे ते आपल्या पुण्याच्या वेंकीजवालं का? मग डॅलग्लिश वेंकीजकडे कामाला होता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो! क्लब तोच, काळ वेगळा. पुण्याच्या वेंकीजने ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला नोव्हेंबर २०१० मध्ये, आणि २०१२ ला तो प्रीमियर लीगमधून खाली गेला. डॅलग्लिश तिथे ऑक्टोबर १९९१ ला गेला, तेव्हा मालक होता जॅक वॉकर, स्टीलच्या धंद्यात पैसा केलेला, ब्लॅकबर्नचाच माणूस आणि लहानपणापासूनचा फॅन. वेंकीजच्या काळात डॅलग्लिश ब्लॅकबर्नमध्ये नव्हताच.

तेव्हा क्लब सेकंड डिव्हिजनमध्ये होता, वरच्या डिव्हिजनला शेवटचं १९६६ मध्ये खेळलेला. रे हार्फर्डला ट्रेनिंगसाठी बरोबर घेतलं, १९९२ च्या प्लेऑफ फायनलमध्ये (वर जायच्या शेवटच्या जागेसाठीची मॅच) माइक न्यूएलच्या पेनल्टीवर लेस्टरला १-० हरवलं आणि पहिल्याच प्रीमियर लीग सीझनमध्ये एंट्री. तिथून चौथा, मग दुसरा, मग १९९५ ला चॅम्पियन, १९१४ नंतर पहिल्यांदा.

पैशाच्या जोरावर जिंकले हा टोमणा अर्धा खरा आहे. पैसा वॉकरचा होताच, फॉरवर्ड ॲलन शिअरर ३३ लाखांना, त्याचा जोडीदार ख्रिस सटन ५० लाखांना, दोन्ही वेळा ब्रिटिश रेकॉर्ड. पण पैसा बऱ्याच जणांकडे होता. मँचेस्टर युनायटेडलाही हवा असलेला शिअरर ब्लॅकबर्नसारख्या गावाला कशाला येईल? डॅलग्लिश बोलवतोय म्हणून. दोन्ही बाजूंना विंगर रिपली आणि विलकॉक्स, त्यांचे क्रॉस, मध्ये दोन फॉरवर्ड, विषय संपला. शिअररने त्या सीझनला लीगमध्ये ३४ गोल केले.

११. शेवटच्या दिवशी ॲनफिल्डवर हरूनही टायटल कसं मिळालं?

१४ मे १९९५. ब्लॅकबर्नचे ८९ पॉइंट, युनायटेडचे ८७. ब्लॅकबर्न नेमकं ॲनफिल्डवर, युनायटेड वेस्ट हॅमकडे. शिअररने गोल केला, मग जॉन बार्न्सने, हो तोच प्रश्न ७ मधला, बरोबरी केली आणि अगदी शेवटी जेमी रेडनॅपच्या फ्री किकवर लिव्हरपूल २-१. डॅलग्लिशचा चेहरा उतरलेला. तेवढ्यात तिकडून बातमी आली की युनायटेडची मॅच १-१ संपली, म्हणजे एका पॉइंटने ब्लॅकबर्न. लिव्हरपूलचं पब्लिक आपली टीम जिंकली म्हणून खूश की युनायटेड हुकलं म्हणून, हे विचारायची गरज नाही.

त्यानंतर त्याने मॅनेजरपद सोडून डायरेक्टर ऑफ फुटबॉल व्हायचं ठरवलं आणि टीम हार्फर्डकडे गेली. मला हा त्याचा सगळ्यात न पटणारा निर्णय वाटतो, चॅम्पियन टीम हातात असताना बाजूला व्हायचं!

१२. न्यूकॅसलला नक्की कुठे बिनसलं?

आधी योगायोग बघा. १९७७ ला केव्हिन कीगन हॅम्बर्गला गेला म्हणून लिव्हरपूलने ४ लाख ४० हजार पाउंड, तेव्हाचा ब्रिटिश रेकॉर्ड, मोजून डॅलग्लिश आणला आणि कीगनचा ७ नंबर दिला. २० वर्षांनी, जानेवारी १९९७ मध्ये, कीगनने न्यूकॅसल सोडलं आणि परत त्याच माणसाच्या जागी हाच. पहिल्या वेळी लोक कीगनला विसरले. दुसऱ्या वेळी नाही.

पहिला अर्धा सीझन बरा गेला, दुसरा नंबर. मग उन्हाळ्यात लेस फर्डिनांडला टॉटेनहॅमला विकलं आणि त्याच सुमारास शिअररचा घोटा प्री-सीझन मॅचमध्ये मोडला. जिनोला, बिअर्डस्लीही गेले. बदल्यात आले कोण, तर इयन रश, जॉन बार्न्स, स्टुअर्ट पिअर्स, सगळे उतारावरचे. ज्या माणसाने आयुष्यभर फॉरवर्ड हेरले त्याच्याकडे गोल करायलाच कोणी उरलं नाही. लीगमध्ये १३ वा नंबर, एफए कप फायनलला आर्सेनलकडून २-० हार, आणि ऑगस्ट १९९८ मध्ये नव्या सीझनच्या दोनच मॅचनंतर हकालपट्टी. बरं, शे गिव्हन, गॅरी स्पीड आणि सोलानो त्यानेच आणलेले, ते पुढे वर्षानुवर्षं उपयोगी पडले, हे कोणी सांगत नाही.

१३. सेल्टिकचा मॅनेजर होता की नव्हता? दोन्ही वाचलंय.

हंगामी होता. १९९९ ला फुटबॉल विभागाचा प्रमुख म्हणून गेला आणि हेड कोच म्हणून जॉन बार्न्सला आणलं. फेब्रुवारी २००० मध्ये स्कॉटिश कपात इन्व्हर्नेसने सेल्टिकला घरात ३-१ हरवलं, बार्न्स गेला आणि सीझन संपेपर्यंत टीम याने सांभाळली. मार्चमध्ये ॲबरडीनला हरवून लीग कपही जिंकला. उन्हाळ्यात मार्टिन ओनील आला. स्कॉटलंडच्या नॅशनल टीमचा मॅनेजर मात्र तो कधीच नव्हता.

१४. २०११ ला परत आला ते फेल गेलं का?

जानेवारी २०११, रॉय हॉजसनची गच्छंती, टीमचं मनोबल तळाला. आल्या आल्या टोरेस ५ कोटी पाउंडांना चेल्सीला, सुआरेझ आणि अँडी कॅरोल आत. सुआरेझ किती भारी निघाला ते सांगायला नको, आणि कॅरोलचे साडेतीन कोटी हा आजही मीमचा विषय. २०१२ ला कार्डिफला पेनल्टीवर हरवून लीग कप, २००६ नंतरची पहिली ट्रॉफी. एफए कप फायनल चेल्सीकडून २-१ हरले. लीगमध्ये आठवे, आणि १६ मे २०१२ ला नारळ.

पण डाग लागला तो वेगळाच. सुआरेझवर मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराला वंशद्वेषी बोलल्याबद्दल ८ मॅचची बंदी आली, खेळाडू सुआरेझचे टीशर्ट घालून वॉर्म-अपला उतरले आणि डॅलग्लिश त्याच्या मागे ठाम उभा राहिला. फेब्रुवारीत सुआरेझने एव्हराशी हात मिळवला नाही तेव्हाही मॅचनंतर तो टीव्हीवर प्रश्न विचारणाऱ्यावरच उखडला, दुसऱ्या दिवशी माफी मागितली. आपल्या खेळाडूला बाहेर उघडं पाडायचं नाही हा त्याचा जुना नियम, पण इथे तो नियम चुकीच्या जागी लावला, हे मी लिव्हरपूल फॅन असून लिहितोय.

१५. मॅनेजर म्हणून युरोपियन कप का नाही? एवढी भारी टीम होती ना?

हेझेलनंतर इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी आली. बाकीच्यांना ५ वर्षं, लिव्हरपूलला ६. म्हणजे १९८५ ते ९१, त्याची पूर्ण पहिली इनिंग. १९८८ ची टीम एसी मिलानसमोर कशी खेळली असती यावर लोक अजून वाद घालतात. ब्लॅकबर्न चॅम्पियन्स लीगला गेलं तेव्हा तो वरच्या खुर्चीत होता (प्रश्न ११). खरा चॅम्पियन्स लीगचा अनुभव न्यूकॅसलचाच, सप्टेंबर १९९७ मध्ये बार्सेलोनाला ३-२ हरवलं, अस्प्रियाची हॅटट्रिक. ग्रुपमधून पुढे नाही गेले.

१६. लीग टायटल एकूण किती? कुठे ८ लिहितात, कुठे ९, कुठे १०.

गोंधळ होतो तो १९८५-८६ मुळे. इंग्लंडमध्ये खेळाडू म्हणून ६ (१९७९, ८०, ८२, ८३, ८४, ८६). मॅनेजर म्हणून ४ (लिव्हरपूल १९८६, ८८, ९०, ब्लॅकबर्न १९९५). नुसती बेरीज १०, पण १९८६ दोन्हीकडे आलंय, म्हणून प्रत्यक्षात ९. ब्लॅकबर्न सोडून फक्त लिव्हरपूल धरलं तर ८. स्कॉटलंडच्या ४ वेगळ्या, त्या धरल्या तर १३.

१७. मग १९९० ला तो खेळाडू म्हणूनही चॅम्पियन नाही का धरत? मॅच तर खेळला होता.

खेळला होता, एक. १ मे १९९०, ॲनफिल्ड, डर्बी काउंटी क्लबविरुद्ध, वय ३९, सब म्हणजे बदली खेळाडू म्हणून आला. पण टायटल तीन दिवस आधीच लंडनच्या क्यूपीआर क्लबला हरवून नक्की झालं होतं, आणि एका मॅचवर कोणी मेडल मोजत नाही, म्हणून ते फक्त मॅनेजरच्या खात्यात. तीच त्याची लीगमधली शेवटची मॅच.

१८. 'सर' कधी झाला? आणि ते स्टँड कुठलं?

'सर' २०१८ मध्ये, फुटबॉल, समाजकार्य आणि लिव्हरपूल शहरासाठी केलेल्या कामाबद्दल. त्याच्या आधीच, ऑक्टोबर २०१७ मध्ये, ॲनफिल्डच्या सेंटेनरी स्टँडला त्याचं नाव दिलं. टीव्हीवर मेन कॅमेऱ्यातून बघताना समोर दिसतं तेच. २०१३ पासून क्लबच्या डायरेक्टर बोर्डवर त्याचं नाव आहे, तेव्हा मॅचला तो दिसणारच.